पाचव्या राणीची भिंत

गोळीबार चौकामागच्या आमच्या बोळीत सत्तर सालापर्यंत घरोघरी हातमाग होते. शेजारच्या बाबनरावाचा माग खटखट चाले अन् त्याची बायको चंद्रकला आतल्या खोलीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरे. विणता विणता बाबनराव गोष्ट सांगे. संध्याकाळी बोळीतले माणसं ऐकायले जमत.

गोष्ट एका राजाची. राजा मोठा भोळा. तो कोन्या बाईच्या मागं जाये नाही, बायाच त्याच्यावर भाळत. राजानं नवी राणी आणली त ते त्याचं मोठं काळीज. राणीनं खिडकीतून बाहेर पाह्यलं त तिचे डोळे काढा!

बाबनरावाची पलीकडच्या जरीपटका वस्तीत एक बाई होती. साऱ्या बोळीले ठाऊक.

"काय गा बाबन, आज जरीपटका?" नत्थूजी चिडवे.

"मी कुठी जातो गा? तेच बलावते. मानसानं काय करावं?"

सारे हासत. पण चंद्रकला भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलली की माग थांबे. माग थांबला की ती बोलणं अर्धं टाकून आत पळे.

तिले एक भेव होतं. लग्नाआधी उमरेडच्या एका पोराशी तिचं साक्षगंध झालं होतं. साखरपुड्याची साखर वाटली अन् लग्न मोडलं. मायबापानं ते झाकून तिले इथं देलं. आता मायबापही राह्यले नव्हते. नवऱ्याले कळलं अन् त्यानं हाकललं, त जायले उंबरठा नव्हता.

एका मंगळवारी बाबनराव सुतासाठी उमरेडले जाऊन आला. ताट अर्धंच सोडून उठला. संध्याकाळी मागावर बसून म्हणाला, "पाचव्या राणीचं पयले दुसऱ्या संग साक्षगंध झालं होतं. राजाले मालूम पडलं."

"मंग गा?"

"मंग काय? जितीभोवती विटा रचून चिनून राह्यला तिले भिंतीत."

आत चंद्रकलेच्या बोटातला धागा तुटला.

तवापासून रोज संध्याकाळी विटांचा एक थर चढे. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. ऐकणाऱ्याइले मजा वाटे. घरात तो तिले मारे ना, बोले ना. वाढताना ती त्याच्या हाताकडे पाहे. न्हाणीच्या चार भिंतीत दार लावायलेही भ्याये.

भिंत गळ्यापर्यंत आली. "आज डोळ्यावर वीट," बाबनराव म्हणाला. तेवढ्यात त्याची कांडी संपली.

"कांडी आन वं!"

चरखा बंद होता. आतून आवाज आला, "राजाच्या जरीपटक्यावालीले कोन्या भिंतीत चिनलं, ते सांगा पयले."

कोणी हासलं नाही. नत्थूजी आपला दुपट्टा शोधू लागला.

"गोष्ट हाय वं ते," नत्थूजी पुटपुटला.

"विटा माह्या अंगावर पडून राह्यल्या ना, भाऊजी."

बाबनराव मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून वर आला. चंद्रकला भिंतीले टेकली. आता मार बसते, असं तिले वाटलं. चारचौघात हात उचलता येत नव्हता. त्यानं टोपी घातली.

"वापस येतो, मंग पाहतो तुले," म्हणाला अन् जरीपटक्याकडे निघून गेला.

माणसं पांगली. तिनं आतून कडी लावली.

सकाळी तो आला. "उघड."

"राणी जिवंत हाय का मेली?"

"सटकली का वं? मागावर लुगडं अडलं हाय!"

"राणीचं सांगा." तिनं असं मोठ्यानं म्हटलं का मले भिंतीपलीकडे ऐकू आलं. बोळीत दारं उघडू लागले. नत्थूजी दातून घेऊन ओट्यावर आला. बाबनरावानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं.

"जिवंत हाय," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं. नत्थूजीले ऐकू जाऊ द्या."

"जिवंत हाय!"

मंग तिनं कडी काढली. पण मागावर सूत इकडून तिकडं नेणारा धोटा तिनं दोन्ही हातानं पाठीमागं धरला होता, लोखंडी टोक बाहेर करून.