सुट्टीवरच्या माणसाला फोन

रेडमंडमधली माझी नोकरी गेली तेव्हा आम्हाला अमेरिकेत येऊन पाच वर्षं झाली होती आणि मुलगी चार वर्षांची होती. व्हिसा माझ्या नोकरीवर उभा. नवरा माझ्या व्हिसाला बांधलेला. त्याने इथे राहावं, स्वयंपाक करावा, मुलीला सांभाळावं, पण एक डॉलरही कमवू नये, असा कायदा. पुण्यात तो पुलांची डिझाइन्स करायचा. ग्रीन कार्डाचं काम सुरू झालं असतं तर पुढेमागे त्यालाही कामाचा परवाना मिळाला असता, पण माझी कंपनी दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची, आणि मग बघायला कंपनीत मीच उरले नाही. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर सामान आवरायचं होतं. मुलगी तेवढी जन्माने इथली नागरिक, पण चार वर्षांच्या नागरिकाला एकटं ठेवून जाता येत नाही.

त्या महिन्यात आमच्या भागात निम्म्या घरांत हेच चाललं होतं. सगळ्यांचे बायोडेटा सारखे, सगळ्यांची घाई सारखी. इथे कुठे डाळ शिजेना, तेव्हा मी वैतागून नॉर्वेतल्या एका कंपनीला अर्ज टाकला. जहाजांच्या मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करणारी मध्यमशी कंपनी. त्यांचं लगेच उत्तर आलं. इंटरव्ह्यू आमच्या पहाटे सहाला, कारण तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजतात आणि चारनंतर ऑफिसात कोणी नसतं. म्हटलं, चार वाजता घरी जाणाऱ्यांना माझ्यासारखं माणूस मिळालं तर ते डोक्यावर घेऊन नाचतील.

आमच्याच वस्तीत राहणाऱ्या एका निवृत्त काकांनी माझी तयारी करून घेतली. चाळीस वर्षांपूर्वी आलेले, शिस्तीचे, आणि मराठी मंडळातल्या निम्म्या पोरांना इंटरव्ह्यूला तयार केलेले. त्यांनी बजावलं की बाळंतपणाची गोष्ट सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ही गोष्ट अशी की, मुलगी झाल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या प्रोजेक्टचं काम अडकलं होतं आणि मी पलंगावर बसून, लॅपटॉप उशीवर ठेवून ते मार्गी लावलं होतं. माझ्या मॅनेजरने ही गोष्ट भर मीटिंगमध्ये सांगितली होती. मलाही तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

पहाटे अंधारात मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. घर एका बेडरूमचं, आत मुलगी झोपलेली, त्यामुळे नवरा ओट्याशी आवाज न करता तिचा डबा भरत होता. पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्या टीमच्या प्रमुख. त्यांच्या शेजारी स्वेटर घातलेला एक दाढीवाला माणूस गप्प बसला होता. मला वाटलं, शिकाऊ असेल. तो निघाला कामगार संघटनेचा प्रतिनिधी. नवीन माणूस घेताना त्यालाही बसवतात म्हणे. युनियन म्हटलं की मला भोसरीतलं कारखान्याचं बंद गेट आणि लाल झेंडे आठवतात. इथे युनियन माझाच इंटरव्ह्यू घेत होती.

तांत्रिक प्रश्न संपेपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग बाईंनी विचारलं की तुम्ही ताण कसा हाताळता, आणि मी बाळंतपणाची गोष्ट काढली. रंगवून सांगितली. संपल्यावर समोर कोणी हसलं नाही की मान डोलावली नाही. बाईंनी हळू आवाजात विचारलं, तुम्हाला कोणी तसं करायला भाग पाडलं होतं का? मी म्हटलं, छे, मी स्वतःहून केलं. दाढीवाल्याने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. चुकलं काय ते मला काही कळेना.

मग तो पहिल्यांदा बोलला. ज्याच्याकडून मी काम समजून घेणार होते, तो इंजिनिअर पुढच्या महिन्यापासून बापाच्या रजेवर जाणार होता. बायको कामावर रुजू होणार आणि हा कित्येक आठवडे घरी बाळ सांभाळणार. त्याच्या सुट्टीत सिस्टिम बंद पडली आणि उत्तर फक्त त्यालाच माहीत असलं, तर तुम्ही काय कराल?

हा प्रश्न मला अगदीच सोपा वाटला. मी म्हटलं, "त्याला फोन करीन. दहा मिनिटांचं तर काम. बाळ झोपलेलं असताना करीन."

"त्याला फोन करायचा नाही," तो म्हणाला.

"आणि सिस्टिम बंदच राहिली तर?"

"तर बंद राहील. त्याने जाण्याआधी आपण काम नीट समजून घेतलं नाही, ही आपली चूक. त्याच्या बाळाची नाही."

दोन दिवसांनी पुन्हा बोलू, असं म्हणून त्यांनी कॉल संपवला. ही नोकरी हातची गेली हे मला तेव्हाच कळलं. मी लॅपटॉप आपटूनच मिटला. या लोकांना सगळं आयतं मिळालंय, सुट्टी काय, संध्याकाळ काय, आणि वर मला शिकवतात, असं बरंच काही मी बडबडले. नवऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की तू त्यांना घाबरवलंस. दोन रात्री बसून त्याने नॉर्वेबद्दल वाचून काढलं होतं. बाळाच्या रजेतले काही आठवडे तिथे फक्त बापासाठी राखून ठेवतात. त्याने नाही घेतले तर ते बुडतात, आईला मिळत नाहीत. म्हणून मग बाप घेतातच, आणि साहेबालाही सवय होते.

"तू कशाला एवढं वाचत बसलास?" मी विचारलं.

"मी चार वर्षं त्याच रजेवर आहे," तो म्हणाला. "बिनपगारी." आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

हे कळल्यावर काकांचा सल्ला लगेच बदलला. त्यांनी एक वाक्य घोकून घ्यायला सांगितलं, की मी कामाच्या वेळा पाळीन आणि इतरांच्या रजेचा मान राखीन. दोन दिवस मी ते भांडी घासताना, मुलीला गाडीत बसवताना म्हणत होते. मुलगी मागच्या सीटवरून विचारायची, "आई, हू आर यू टॉकिंग टू?" बाहेर सारखा पाऊस, आणि फोन वाजला की मी धावत जाऊन बघायचे. इथल्या दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडून एक ओळ आली नव्हती. हे गेलं की तिकिटं काढायची, एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या कॉलवरही तेच दोघं होते. दाढीवाल्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की तुमच्या कामाबद्दल शंका नाही, शंका दुसरीच आहे. "तुम्ही रात्री काम करत बसलात तर ते तुमच्यापुरतं राहत नाही. पुढच्या वर्षी तेच बाकीच्यांकडून मागितलं जातं."

घोकलेलं वाक्य म्हणायची वेळ आली होती. पण संतापाने ते माझ्या तोंडून बाहेरच पडेना. मी म्हटलं, "तुमचा तो माणूस घरी बसला आणि सिस्टिम बुडाली, तरी तो त्याच्याच देशात असेल. माझी नोकरी गेली तर मी कुठे असेन? तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तो हौस म्हणून नाही. मला भीती वाटत होती. तुमच्याकडेही मी परवान्यावरच येणार आहे. मग मी फोन का करू नये, ते मला सांगा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हा विचार मी केला नव्हता." आणि त्याने सावकाश समजावून सांगितलं. मनात आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, लेखी कारण द्यावं लागतं, आणि तशी बैठक झालीच तर त्या खोलीत तो स्वतः माझ्या बाजूने बसेल. तरीही नोकरी गेलीच, तर दुसरी शोधायला काही महिने मिळतात. मी सगळं ऐकत होते, पण विश्वास ठेवावा की नाही ते ठरत नव्हतं. आयुष्यात कुठल्याच कंपनीत माझ्या बाजूने कोणी बसलेलं मला आठवत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आम्हाला तुम्ही हव्या आहात. तुम्हाला आणखी काही विचारायचंय?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात ओट्याकडून नवरा आला. अंगात जुना टी-शर्ट, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. पाच वर्षांत माझ्या एकाही कॉलमध्ये तो दिसला नव्हता. कॅमेऱ्यासमोर वाकून त्याने अगदी नीट इंग्रजीत विचारलं की मी हिच्यासोबत कुटुंब म्हणून आलो, तर मला तिथे काम करता येईल का?

ती दोघं एकमेकांकडे बघू लागली. मला वाटलं, आता अडचण सांगणार.

"अर्थातच," दाढीवाला म्हणाला. "का नाही करता येणार?"

नवऱ्याने मान हलवली. तो सरळ उभा राहिला, ओट्याकडे वळला, दोन पावलं गेला. मग परत येऊन कॅमेऱ्यासमोर वाकला आणि त्याच शब्दांत तेच पुन्हा विचारलं.