दादाच्या ओट्याला तेल की व्हार्निश

माझा मोठा भाऊ पॉलिशवाला. आयुष्यभर लोकांची दारं, कपाटं चकचकीत केली आणि आपल्या घरात दिव्याखाली अंधार, एका दाराला कधी ब्रश लागला नाही. थिनरच्या वासाने छाती गेली तेव्हा काम सुटलं, मग घरामागे लाकडी ओटा बांधायला घेतला. वहिनीला बसायला. बरेच दिवस खपला त्यावर, दोन फळ्या ठोकायच्या आणि दम खात बसायचं.

ओटा झाला तसे त्याने दोन तुकडे रंगवून वहिनीपुढे ठेवले. एकाला व्हार्निश, एकाला तेल. म्हणाला, "निवड. बसणार तू आहेस."

वहिनीने चमकणारा उचलला.

"तो नको गं. उन्हापावसात फोड येतात, मग सगळं मशीनने खरवडावं लागतं. तेलाचं तसं नाही. वर्षातून एकदा फडकं घेऊन बसायचं. तुझं तुला जमेल."

"माझं मला कशाला? तुम्ही काय करणार तेव्हा?"

"मी बसून चुका काढीन."

मी हसले. वहिनी नाही हसली. दादाने फडकं तेलात बुडवून तिच्यापुढे धरलं, "ये, दाखवतो, हात कसा फिरवायचा ते." ती उठली आणि आत भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी. दादा फडकं हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "लाकूड अजून ओलं आहे, वाळू दे."

लाकूड वाळायच्या आत तो गेला.

वहिनीने दुसरा माणूस बोलावून व्हार्निश मारून घेतलं. तिचा ओटा, तिची मर्जी. वर्ष नाही झालं तोवर फोड आले. परवा गेले तर वहिनी पायरीवर बसून नखाने पापुद्रे काढत होती. म्हटलं, "वहिनी, खरवडून घेऊ आणि तेल लावू. मी येते ना."

"कसं लावायचं, तुला माहीत आहे?"

मी नाही म्हटलं.

"मला सांगत होते," वहिनी म्हणाली. "मी आत निघून गेले."

तिने अजून एक पापुद्रा काढला. मी शेजारी बसले आणि दुसऱ्या फळीवरचा काढायला लागले.