नवव्या खड्ड्याजवळचं घर

गुंडू धुरी वाळू झाडायचा.

थट्टा नाही, पगारी नोकरी होती. बहरीनमध्ये तेलाच्या विहिरींच्या मागे जे उघडंबोडकं वाळवंट आहे, तिथे साहेबलोकांचा एक गोल्फ क्लब होता. गवताची काडी नाही. म्हणून प्रत्येक खेळाडू खोट्या हिरवळीचा हातभर तुकडा काखोटीला मारून फिरायचा. चेंडू पडेल तिथे तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा, टोला हाणायचा, तुकडा उचलून पुढे. शेवटी ज्या खड्ड्यात चेंडू घालायचा, त्याच्या भोवतीची वाळू तेल ओतून, चोपून तपकिरी केलेली. तिला म्हणायचे ब्राऊन. चार साहेब तिच्यावर बूट उमटवून गेले की गुंडूने लांब दांड्याचा झाडू फिरवून ती आरशासारखी करायची. मग पुढचे चार साहेब. सातवा, आठवा आणि नववा ब्राऊन गुंडूच्या ताब्यात.

रजेवर कुडाळला गेला की गाववाले विचारायचे, “वाळू झाडलंस काय खाली काय गावता रे?”

“वाळू,” गुंडू सांगायचा.

माझे सदानंदमामा त्याच क्लबात हिशेबनीस. पुण्याचे, त्यामुळे प्रत्येक गोष्ट स्वच्छ आणि दोनदा सांगणारे. पण गुंडूची ही गोष्ट सांगायची वेळ आली की मामा खुर्चीतून उठतात, कारण बसून ती सांगताच येत नाही.

साल एक्क्याऐंशी. गुंडूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातले पाच महिने काय ते संसाराचे. अशात रंभाचं पत्र आलं. चौथी शिकलेली बाई, पण पत्र वकिलाच्या नोटिशीसारखं: “धा पुरुषांच्या खोलयेत मी रवाक येवचंय नाय. घर आसात तर एक म्हयनो येवन बघतंय. बरा वाटला तर रवतंय. नायतर तुम्ही थय सुखान रवा, मी हय.”

गुंडूने हे पत्र मामांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ‘सुखान’ हा शब्द त्याने दोनदा वाचला.

आणि त्याच आठवड्यात क्लबाच्या फळ्यावर कागद लागला. नवव्या खड्ड्याजवळचं जुनं लाकडी घर विकणे आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली सिमेंटचे ठोकळे. ज्याला हवं त्याने लिफाफ्यात बोली टाकावी.

“सायबानू, वाचा माका,” गुंडू म्हणाला.

“नीट ऐक हं. एक, घर आहे तसं विकायचंय. दोन, जमीन विकायची नाही. फक्त घर.”

“जमीन कोणाक व्हयी?”

“अरे, घर जमिनीवर असतं.”

“आमचा गावचा पण आसा. भाटकाराच्या जमनीत. पणज्यान बांधल्यान, आजून उभा आसा.”

“आणि भाटकार, म्हणजे जमीनमालक, काही म्हणत नाही?”

“तेका वर्साक दोन नारळ दितंव. भाटकारान नारळ घेतल्यान म्हणजे ‘रव’ म्हटल्यान. आणि काय व्हया?”

तिसरी ओळ वाचायला मामांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तोवर समोर कोणी नव्हतं. गुंडू लिफाफा आणायला गेला होता.

बोलीच्या दिवशी पेटी उघडली. आत एकच लिफाफा. घर गुंडूचं झालं.

दुसऱ्या दिवशी तो गुदैबियाच्या मलबारी दुकानातून शेंडीवाले दोन नारळ घेऊन क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांपुढे उभा राहिला. साहेब गोरे, मिशा तांबूस, खेळाचं वेड डोक्यात गेलेलं. गुंडूने नारळ टेबलावर ठेवले, वाकून नमस्कार केला. साहेबांनी एक नारळ कानाशी हलवून पाहिला. “व्हेरी काइंड,” म्हणाले आणि दोन्ही घरी घेऊन गेले.

“झाला काम,” गुंडू म्हणाला आणि त्याने दाराला निळा रंग दिला.

दहा दिवसांनी साहेब हातात काठी घेऊन नवव्या खड्ड्याशी हजर. मामांना कचेरीतून बोलावून घेतलं, मध्ये बोलायला.

“हे घर अजून इथेच कसं? दहा दिवसांत उचलून न्यायचं, असं कागदावर होतं.”

मामांनी ती तिसरी ओळ गुंडूला सांगितली. गुंडूने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “तेंका विचारा, नारळ घेतल्यानी काय नाय?”

मामांनी विचारलं.

“घेतले. उत्तम होते. त्याचं काय?”

“फोडल्यानी?”

“फोडले.”

“आणि खाल्ल्यानी?”

“माझ्या पत्नीने त्यांचा केक केला.”

गुंडू मामांकडे वळला. “आता तुम्हीच सांगा. भाटकार नारळ खाता, वर केक करता, आणि कुळाक उठवता? ह्या खयच्या न्यायात बसता?”

मामा म्हणतात, आयुष्यात इतका कठीण मजकूर मी कधी इंग्रजीत नेला नाही. नेला, आणि साहेबांचे कान मिशांच्या रंगाचे झाले. पण जागा द्यायला ते तयार होईनात. तिथे नवं चहाघर व्हायचं होतं. शुक्रवारी सकाळी सहाच्या आत घर मैदानावरून उचला. सहानंतर सामने आहेत.

“आणि माझ्या बायलेचो व्हिसा?” गुंडूने खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. व्हिसासाठी क्लबाची सही लागायची, की या माणसाकडे बायकोला ठेवायला घर आहे.

“घर हललं की सही,” साहेब म्हणाले.

घर हलवणार कोण? मुख्तार. सियालकोटचा. तेलाच्या विहिरींचे लांबलचक पाइप वाहणारा ट्रेलर चालवायचा.

“घर तो मैं उठा दूँगा, भाई,” तो म्हणाला. “रखूँ कहाँ?”

आणि उत्तरही त्यानेच दिलं. सनाबिसला मुनीरा नावाच्या विधवा बाईंची खजुराची बाग होती आणि बागेच्या कडेला मुख्तार आपला ट्रेलर लावायचा. दोघे तिथे गेले. मुनीराबाई झाडाखाली घोंगडीवर बसल्या होत्या. काळ्या अबायातून फक्त चेहरा आणि एक बोट बाहेर. पण बोट जबरदस्त.

“झाड काटना मफी,” बोट म्हणालं. मफी म्हणजे नाही. “सिमेंट मफी. विहीर मफी.”

“मफी, मफी,” गुंडूने मान डोलावली.

“औरत है?”

“है.”

“किधर?”

“कुडाळ.”

मुनीराबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “इधर दस आदमी रहेगा, ताश खेलेगा, ये नहीं. औरत आएगा, घर रहेगा. एक महीने में औरत नहीं, घर खलास.”

म्हणजे घर हललं तर बायको, आणि बायको आली तर घर. या दोघांच्या मध्ये सेक्रेटरीसाहेबांची सही. परतीची सगळी वाट गुंडू हे तीन बोटांवर मोजत आला. 

शुक्रवार. सहा वाजले, मुख्तार नाही. सात, नाही. साडेआठला ट्रेलर डुलत आला.

“अरे मेल्या, सहा म्हटलेलंय!”

“पराठा ठंडा हो जाता, भाई.”

खोलीतल्या नऊ सोबत्यांनी जॅक लावले, फळ्या सरकवल्या, आणि “हय्या हो” करत घर ट्रेलरवर चढवलं. तोवर सामने रंगात आले होते. बाहेर पडायला वाट एकच, नवव्या खड्ड्याच्या मैदानातून आडवी. मुख्तारने भोंगा वाजवला. घर निघालं. निळं दार, दोन खिडक्या, मागे हलणारा दोरीवरचा टॉवेल. आणि त्याच्या मागे झाडू घेऊन गुंडू, चाकांचे चर बुजवत. कारण घर त्याचं असलं तरी नवव्याची वाळूही त्याचीच.

एवढ्यात खण्ण!

खिडकीची काच फुटली. चेंडू आत.

ट्रेलर थांबला. वाळूतून धापा टाकत, काखेत हिरवा तुकडा घेऊन, धावत आले ते खुद्द सेक्रेटरीसाहेब. सामन्यात त्या घटकेला पुढे होते. तिघे प्रतिस्पर्धी मागोमाग. पंचाने नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटली. चेंडू पडेल तिथून खेळायचा हे खरं, पण चालत्या घराबद्दल पुस्तकात काही नव्हतं. शेवटी पंच म्हणाला, खेळा आतूनच, नाहीतर डाव सोडा.

साहेब ट्रेलरवर चढले. गुंडूने दार उघडलं. नव्या घरात पहिला पाहुणा!

“येवा, येवा. बसा. च्याय घेतालात?”

साहेबांनी ऐकलं नाही. चेंडू चुलीच्या ओट्याखाली होता. त्यांनी तुकडा अंथरला, चेंडू ठेवला, गुडघे वाकवले, एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गुंडूकडे.

“बाजूला हो!”

ठप्! चेंडू निळ्या दारातून बाहेर, मैदानावरून उड्या मारत ब्राऊनवर, आणि खड्ड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. बाहेर टाळ्या पडल्या. साहेब लहान मुलासारखे हसले. आणि वळतात तो समोर गुंडू, एका हातात अर्ज, दुसऱ्यात पेन.

“काय आहे?”

“सही.”

“आत्ता? इथे?”

“घर हलला,” गुंडू म्हणाला. घर निघालेलं बघायला आलेले मामा आता दारात उभे होते, त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी चाकांच्या चरांकडे पाहिलं. नाही म्हणायला जागाच नव्हती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून त्यांनी सही ठोकली आणि खेळायला पळाले.

सनाबिसच्या बोळात मात्र ट्रेलर वळेना. मुख्तारने दोनदा पुढे घेतला, दोनदा मागे, मग “यल्ला, हो गया” म्हणून घर जसं होतं तसं उतरवलं. निळं दार मुनीराबाईंच्या कुंपणाच्या भिंतीला नाक लावून उभं राहिलं. बोळाकडे आलं स्वयंपाकघर. घरात शिरायचं तर मागच्या दाराने, भांड्यांच्या फळीखालून वाकून.

तीन आठवड्यांनी रंभा आली. परतीचं तिकीट हातातच ठेवलेलं, सगळ्यांना दिसेल असं. विमानतळावरून आणायला मामा गेले होते गाडी घेऊन. बोळात ती उतरली, पदर खोचला आणि घराभोवती एक पूर्ण फेरी मारली, बाजारात म्हशीभोवती मारतात तशी. भिंतीशी आल्यावर थांबली.

“पुढला दार खय?”

“मागे,” गुंडू म्हणाला.

“आणि मागला?”

“पुढे.”

“आणि तुम्ही ह्या घर बघून घेतलात?”

“घेतलंय तेव्हा सरळ होता गे.”

रंभा आत गेली. वाकूनच. मुनीराबाई दाराशी येऊन बसल्या आणि रोज येऊन बसायला लागल्या. एक मालवणी बोले, दुसरी अरबी. मध्ये खजूर आणि सोलकढी. काय बोलत हे कुणालाच कळलं नाही. रंभा राहणार की जाणार, हे तर गुंडूला अजिबात कळेना. विचारायचं धैर्य नव्हतं. तिकीट भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, मंगळवारचं. ते पाहत तो भात गिळायचा.

मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी तो बाजारातून परतला, तर बोळात मुख्तार, खोलीतले नऊ जण, चार जॅक, आणि मध्ये कमरेवर हात ठेवून रंभा.

“ह्या काय चल्लाहा?”

“घर फिरवतंव. मुनीराबायेन जागा दाखवल्यान. थयसून वळता.”

“पण तुझा विमान मंगळवारी!”

“मगे? उलट्या घराक कुलूप लावून जाव? धरा तो कोपरो.”

गुंडूने कोपरा धरला. दुपारभर घर तसूतसूने फिरत राहिलं. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाच्या सुमाराला, निळं दार बोळाकडे आलं. सदानंदमामा नेमके तेव्हा पोचले. तेही कोपऱ्याला हात लावून उभे राहिले, आणि न राहवून त्यांनीच विचारलं, स्वच्छ आणि दोनदा, “मग रंभाबाई, मंगळवारी विमानतळावर सोडायला गाडी आणू ना? आणू का?”

“गाडी हाडा,” रंभा म्हणाली. गुंडूच्या हातातला कोपरा खाली गेला. “गुदैबियात पाटो-वरवंटो गावता म्हणतत. माका चांगलो जड व्हयो. डोक्यार घेवन कोण चलतला?”

मुनीराबाईंनी मुख्तारला बोटाने खुणावलं. “क्या बोला?”

“पत्थर ख़रीदने जाएगी. मसाला पीसने का.”

“कितना बड़ा?”

मुख्तारने दोन्ही हात पसरले. मुनीराबाईंनी त्या हातांमधलं अंतर पाहिलं, मग विमानतळाच्या दिशेने आकाशाकडे पाहिलं आणि खो खो हसल्या.

“गुंडू,” त्या म्हणाल्या, “कोना पकड़ो!”