जावई, सासूबाई आणि किंबाप

साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला आणि न्हाव्याचं उजवं मनगट त्याच्याच दुकानात मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अशी आखडलेली, की शर्टाची बटणं लावायलाही बायको लागायची. "हात चालता ठेवा, पण कात्री-वस्तरा इतक्यात नको," डॉक्टरांनी बजावलं. दुकानाला कुलूप लागलं. बायको सकाळीच लाँड्रीत कामाला जायची. मग घरात उरायचे दोघंच, तो आणि सासूबाई.

त्या दोघांचं भांडण होतं अशातला भाग नाही. बोलणंच नव्हतं. सासूबाई राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, पण "चहा घेता का?" आणि "घेतला" यापुढे गाडी कधी सरकली नाही. दुकानात ज्याच्या तोंडाला खंड नसायचा, तो घरी आला की मिठाची गुळणी धरून बसायचा.

सासूबाईंचा दिवस कोरियन मालिकांत जायचा. एका दुपारी पडद्यावरची बाई काळ्या कागदात भात गुंडाळत होती. टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "जावईबापू, हे किंबाप आपल्याला घरी जमेल?"

तो दचकलाच. "आई, मला अंडंसुद्धा उकडता येत नाही."

"मला येतं. पण हातात जोर राहिला नाही."

"माझ्याही नाही."

"मग झालं की! दोघांचं मिळून एक धड माणूस होईल."

तो समुद्री शेवाळाचे वाळवलेले पातळ कागद, चिकट तांदूळ आणि तिळाचं तेल घेऊन आला. सासूबाईंनी अंड्याची पोळी भाजली, तिच्या आणि काकडीच्या लांब पट्ट्या कापल्या, गाजर परतलं. न्हाव्याला कुठला धीर! त्यानं वाफाळता भात तसाच कागदावर थापला. कागद आकसला आणि टरकला. दुसऱ्यात भात इतका कोंबला, की कडा एकमेकींना भेटेनात. तिसरी गुंडाळी कशीबशी मिटली, पण सुरी लागताच आतलं सगळं बाहेर.

"अहो, हिचं तर पोटच फुटलं!" सासूबाई म्हणाल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यालाही हसू आवरेना. शेवटी दोघांनी तो काला चमच्यानं खाल्ला. चवीला मात्र फक्कड होता.

"एवढं हसता येतं होय तुम्हाला?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, मी इथे राहते ते तुम्हाला खुपतं."

"छे हो! दिवसभर बोलून जबडा दुखतो, म्हणून घरी गप्प. आणि तुम्हीही बोलेनात. मला वाटलं, लेकीनं न्हावी पसंत केला याचा राग अजून आहे."

"होता ना. पहिलं वर्षभर. मग गेला." त्यांनी चमचा चाटला. "तुम्हाला सांगायचं राहून गेलं."



दुसऱ्या दिवशी भात पंख्याखाली निववला. त्यात मीठ आणि तिळाचं तेल कालवलं, पातळ थर पसरला आणि पलीकडची कड कोरी ठेवली. गुंडाळायला चटई नव्हती, म्हणून धुतलेला पंचा घेतला. "दाबा. अजून दाबा," सासूबाई कानाशी बसून सांगत होत्या, "ती काय गिऱ्हाइकाची मान आहे, इतकी जपायला?" बोटं ठणकत होती, पण त्यानं सोडलं नाही. कोऱ्या कडेला पाण्याचं बोट फिरवलं, सुरीला तेल लावलं आणि कापलं. ताटात गोल गोल चकत्या पडल्या, मधोमध पिवळं, हिरवं, केशरी. वेड्यावाकड्या टोकांवर दोघांनी एकदमच हात टाकला.

संध्याकाळी बायकोला जिन्यातच घरातली बडबड ऐकू आली. पाहुणे आलेत असं वाटून तिनं केस सारखे केले, तर आत तिची आई आणि नवरा, मालिकेतल्या खाष्ट काकूवरून तावातावानं वाद घालत होते.

मग रोजच गुंडाळ्या होऊ लागल्या, शेजारीपाजारीही वाटल्या जाऊ लागल्या. बोटं हळूहळू मोकळी झाली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि दुकान उघडलं. किंबाप आता सुट्टीच्या दिवशी होतं.

परवा बायको म्हणाली, "आज मी करते." तिनं कागद पुढ्यात घेतला मात्र, दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला, "भात पातळ पसर!"

"तुम्ही दोघं अबोल होता तेच बरं होतं," ती म्हणाली आणि मुद्दाम मूठभर भात जास्त घातला.