मुंगीचा घास

तुफानचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बायकोची धुलाई कारखान्यातली पाळी पाचची. ती तान्ह्या मुलीसाठी अंगावरचं दूध काढून, वाटी झाकून ठेवून निघायची आणि दार ओढता ओढता रोज म्हणायची, "घाई करू नका."

बोलणं वाया जायचं. तुफान हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. गोदामात तो हमाल. काम उक्तं, जो आधी ट्रक रिकामा करील त्याला पुढचा ट्रक. पाठीवर पोतं पडलं की तो पळायचाच. मुकादम म्हणायचा, "याच्या सावलीलासुद्धा धाप लागते."

त्यांची मुलगी जन्मली ती अन्ननलिका तुटकी घेऊन. वरचं टोक बंद, खालचं बंद, मधे काही नाही. टोकं एकमेकांपासून इतकी लांब की लगेच जोडता येईनात. डॉक्टरांनी पोटात एक नळी बसवली, दूध त्यातून द्यायला. मानेच्या बाजूला एक छोटं तोंड काढून दिलं; गिळलेलं सगळं तिथून बाहेर. वर्षभरात अंग धरलं की जोडू, म्हणाले. मुलगी एवढीशी, पण बोट धरलं की सोडायची नाही. म्हणून तिला मुंगी म्हणू लागले.

घरी सोडताना वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी बजावलं, "नळीतून दूध चाललेलं असतानाच तोंडानंही थोडं पाजायचं. मानेतून गळेल. गळू दे. गिळल्यावर पोट भरतं, हे तिला आत्ताच कळायला हवं. नाहीतर उद्या जोडून रस्ता तयार होईल आणि चालणारं कुणी नसेल."

तुफानच्या आईला हे पटेना. नातीच्या गळ्यातलं ओलं फडकं पिळताना ती पुटपुटायची, "पालथ्या घड्यावर पाणी. आईचं दूध असं सांडायचं असतं का रे?"

"आई, तू फडकं बदल. सांडायचं काम माझं आहे."

पण मनातून त्यालाही ते पटलेलं नव्हतं. पोटात जातं ते काम. गळतं तो खोळंबा, असा त्याचा हिशेब. शेवटी एका सकाळी निरोप आला की गोदामाच्या फाटकावर आधीच ट्रक लागलेत. मुंगी ओठांशी चमचा घेऊन चुटुचुटु करत होती. नळीला जोडलेली सिरिंज तुफानच्या दुसऱ्या हातात. जितकी उंच धरावी तितकं दूध जोरात उतरतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हात सरळ डोक्यावर नेला. दूध सर्रकन उतरलं.

मुंगीचं पोट तटतटलं. ती किंचाळली, पांढरीफटक पडली. नळीच्या कडेनं दूध पाझरायला लागलं. तिला तसंच उचलून तो दवाखान्यात पळाला. त्या दिवशी मात्र पळण्याचं कुणी कौतुक केलं नाही.

"गोदामात उतरवता तसं उतरवलंत?" सिस्टर म्हणाल्या.

पोट दुसऱ्या दिवशी उतरलं, पण तोंड बंद झालं. चमचा दिसला की मुंगी ओठ घट्ट मिटायची, मान फिरवायची. दूध तोंडात आलं की पोट दुखतं, एवढंच ती शिकली होती. सिस्टरनी स्पष्ट सांगितलं, "जोडणीआधी हे मोडलं पाहिजे. जबरदस्ती केलीत तर कायमचं बसेल. ती थांबली की तुम्ही थांबायचं. हात तिच्या छातीच्या वर जरासाच."

बायको म्हणाली, "मी पाळी सोडते."

"नको. बिघडवलं मी. मीच करणार."

त्याला स्वतःच्या हाताची खात्री नव्हती. म्हणून त्यानं घमेलं पालथं घातलं, त्यावर कोपर टेकवलं आणि पट्ट्यानं बांधून टाकलं. आता मनात आलं तरी हात डोक्यावर जाणार नव्हता. आईनं ते पाहिलं नि पदराआड हसली. "जन्मात पहिल्यांदा तुला कुणीतरी दावणीला बांधलं."

रोज सकाळी तो असा बसायचा. सिरिंजमधलं दूध मुंगीच्या चालीनं उतरायचं. मोकळ्या हाताच्या बोटावर एक थेंब. बोट तिच्या ओठाजवळ, ओठांवर नाही. ती मान फिरवायची, तो बोट मागे घ्यायचा. नळीतलं संपलं की उठायचा. पहिला ट्रक गेलेला असायचा, कधी दुसराही.

"तुफान, वारा पडला काय रे?" मुकादमानं सगळ्यांसमोर विचारलं.

"पडला. दुपारी सुटेल."

आणि दुपारी तो खरंच दोघांचं काम ओढायचा. संध्याकाळी पाठ भिंतीला लागली की बसल्या जागी झोपायचा. पण पहाटे पुन्हा घमेलं, पट्टा, थेंब. असे महिने गेले. एका सकाळी त्याचं बोट नेहमीसारखं थांबलं होतं, आणि मुंगीनं जीभ बाहेर काढून थेंब उचलला. तो हलला नाही. तिनं पुन्हा जीभ काढली. मग तिनं त्याचं बोटच धरलं आणि तोंडात घातलं. थोड्या वेळानं आई ओरडली, "अरे, फडकं दुधानं ओलं झालं!" तीच आई, जिला ओल्या फडक्याचा राग यायचा.

जोडणी झाली, मानेचं तोंडही शिवलं, तेव्हा मुंगी सव्वा वर्षाची होती. टाके भरले, आत गळती नाही हे एक्स-रेच्या फोटोत दिसलं, आणि सिस्टरनी चमचा तुफानच्या हाती दिला. "तुम्हीच पाजा. तिला सवय तुमची."

मुंगीनं तोंड उघडलं. घोट घेतला. थबकली, खोकली, डोळे मोठे केले. तुफान थांबला. तिनं गिळलं. बायकोनं मानेवरच्या पट्टीवर हात ठेवला. पट्टी कोरडी होती. मुंगीनं पुन्हा तोंड उघडलं.

जोड अरुंद असल्यानं पुढं पुष्कळ दिवस घास मऊ, छोटा आणि ताठ बसून खायचा, असं ठरलं. घरात सगळे जमिनीवर बसणारे. दुपारच्या जादा फेऱ्यांच्या मजुरीतून तुफाननं सुताराकडून एक खुर्ची करून घेतली. पाठ सरळ, हात उंच, पुढं ताटलीपुरती फळी. मुंगी तिच्यावर बसते आणि हव्या तितक्या वेळात जेवते. तिचा शेवटचा घास उतरेपर्यंत तुफान पानावरून उठत नाही.