अंगावरचा कचरा

क्रांती चौकाजवळ आमचं पीक-सल्ला केंद्र आहे. लोक किडी घेऊन येतात, कुणी काडेपेटीत, कुणी बाटलीत. ती बाई वैजापूरकडून आली होती. तिनं स्टीलचा डबा उघडला. आत कपाशीचं पान.

"ह्यो कचरा चालतोय, म्याडम. काय फवारू?"

कापूस वेचताना आमच्याकडं बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात आणि शहरात यायचं झालं की काढून ठेवतात. तिनं काढला नव्हता. लांब बाह्यांचे कफ मुठीत धरून बसली होती.

मी भिंग धरलं. क्रायसोपाची अळी होती. ही पिकावरची मावा कीड शोषून खाते आणि मेलेल्या माव्याची टरफलं पाठीवर रचून त्यांच्याआड लपते.

"फवारू नका, ही कामाची आहे," मी म्हटलं, आणि तिला नीट दिसावी म्हणून पाठीवरचा ढीग सुईनं बाजूला केला. खाली पिवळट, मऊ अंग निघालं. अळी पानभर सैरावैरा धावू लागली.

"नका ओ काढू!" ती एकदम म्हणाली. मग हळूच, "घरीबी समदे म्हणत्यात, ते गेले, आता शर्ट काढ. काढला की मला असंच व्हतं."

मी सुई खाली ठेवली. अळीनं एकेक टरफल उचलून पुन्हा पाठीवर घेतलं. अळीचं होईपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो.

बाईनं पान डब्यात सरळ केलं, बाहीच्या कफानं झाकण पुसून लावलं.

आलेला किडा नमुना म्हणून स्पिरिटच्या बाटलीत ठेवून घ्यायची आमच्याकडं पद्धत आहे. त्या दिवशी मी बाटली काढली नाही.