दारात थांबणारी घोडी

घोड्यावर बसता येतं का, असं अकोल्याच्या साहेबानं विचारलं आणि मी ‘येतं’ म्हणून मोकळा झालो. खरं सांगायचं तर आमच्या घरात कोणी घोड्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवलेला नव्हता. आम्ही अमरावतीजवळच्या काळ्या रानातले कुणबी. बैल म्हणाल तर अंधारात नुसत्या वासावरून ओळखीन, पण घोडं म्हणजे पाटलाचं नाहीतर शिपायाचं वाहन. साहेबाला देवी टोचणारा माणूस हवा होता. मी चार इयत्ता शिकलेला होतो आणि मला ती नोकरी पाहिजेच होती. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. मी सहा वर्षांचा असताना ती साथ आली, मी वाचलो आणि माझ्या पाठची बहीण गेली.

साहेबानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, एका महिन्यानं स्वतःच्या घोड्यावर बसून ये, तरच नोकरी.

बैलांच्या बंडीनं हिंडलो असतो, पण बंडी मिळणार कुठून? समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. वऱ्हाडातली झाडून सगळी चाकं कापसाला जुंपलेली. अमरावतीच्या बाजाराकडे बंड्यांची रांग लागायची ती कोसभर. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. लग्नाची वऱ्हाडं पायी जात, बाळंतिणी पायी माहेरी येत, मग देवी टोचणाऱ्याला कोण बंडी देतो?

आणि पायी जाऊन हे काम होत नव्हतं. लस म्हणजे काय, तर टोचलेल्या पोराच्या दंडावर फोड येतो, त्यातलं पाणी आठव्या दिवशी घ्यायचं, काचेच्या दोन चकत्यांमध्ये धरायचं आणि ते सुकायच्या आत पुढच्या गावच्या पोरांना टोचायचं. ऊन लागलं की लस गेली. काच फुटली की गेली. मग ते गाव पुढच्या हिवाळ्यापर्यंत उघडं, आणि मधल्या चैत्र-वैशाखात देवी यायची ती कुणाची वाट पाहत नसे. म्हणून घोडं हवं, तेही वेगानं चालणारं आणि हिसके न देणारं.

असं घोडं अमरावतीत एका म्हाताऱ्या मनियाराकडे होतं. चाळीस वर्षं तो माणूस बांगड्यांच्या पेट्या घोडीवर लादून अमरावतीपासून अकोल्यापर्यंतची गावं करत आला होता. ही त्याची चौथी का पाचवी घोडी. आता डोळे अधू झाले, मुलानं बाजारात दुकान घातलं, म्हणून ती विकायची होती. ठेंगणी, मातकट रंगाची, पोट सुटलेली. पाहून माझं तोंड पडलं. मी त्याला चाचा म्हणू लागलो ते पहिल्याच दिवसापासून, कारण घोडीबरोबर शिकवणंही त्यानंच करायचं ठरलं.

पहिल्या दिवशी मी वर चढलो. घोडी हलेना. मी टिचकाऱ्या मारल्या, ‘हो हो’ केलं, बैलाला देतात त्या सगळ्या शिव्या देऊन झाल्या. मग खाली उतरलो, मागे गेलो आणि सरळ तिचं शेपूट धरून पिरगाळलं. यापुढचं मला नीट आठवत नाही. मी शेणाच्या ढिगात बसलेलो होतो आणि मांडीवर नालेचा अख्खा ठसा होता.

“अबे, काहून शेपूट पिरगाळून राहिला?” चाचा ओट्यावरून ओरडले. “थे बैल नोहे! तिले सांगाचं असन त तोंडाकडून येऊन सांग!”

दुसऱ्या दिवशी मी यायचो नाही अशी गल्लीनं पैज लावली होती. मी लंगडत गेलो. चाचांनी घोडीचं अंग घासायचा खरारा हातात दिला.

खोगीर पंधरा दिवस मिळालं नाही. पाठीवर नुसती गोधडी, रिकीब नाही, आणि लगाम चाचांच्या हातात. माझ्या दोन्ही खांद्यांवर कच्च्या काचेच्या बांगड्यांच्या माळा अडकवलेल्या. चाचांची ही स्वतःची रीत होती. घोडी दुडकी चालू लागली की मी वर उडायचो, खाली आदळायचो आणि बांगड्या फुटायच्या. गल्लीतल्या बाया नुसता आवाज ऐकून हसायच्या. मी चिडायचो, अंग ताठ करायचो, गुडघे आवळायचो, आणि जास्तच फुटायच्या.

“ताठ होऊन राहिला म्हनून आदळून राहिला,” चाचा म्हणत. “घोडी काय करून राहिली ते पाह्य आधी. तुह्यं मंग पाहू.”

मी मुळात रागीट माणूस. बैल अडला तर मी बैलाशी भांडायचो, पाऊस अडला तर आभाळाशी. त्या घोडीपुढे माझा राग काही कामाचा नव्हता. मी रागावलो की ती कान मागे घ्यायची आणि उभी राहायची. ती शहाणी आणि मी मूर्ख हे पटायला मला वीस दिवस लागले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असं कोणी विचारलं तर मी हेच वीस दिवस सांगेन. पहाटेची थंडी, निजामाची मोगलाई सोडून आलेल्या पिंजाऱ्यांच्या धनुकल्यांचा आवाज, हवेत तरंगणारी रुई, चाचांच्या घरून येणारं गूळ घातलेलं गरम दूध, आणि मांड्यांची सालटं निघालेली असताना पुन्हा वर चढणं. पंचविसाव्या दिवशी मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुडकी गेलो आणि एकही बांगडी फुटली नाही. चाचांनी खांद्यावरच्या माळा काढून घेतल्या, त्यातल्या चार बांगड्या काढल्या आणि म्हणाले, “हे तुह्या बायकोले दे.”

घोडीची एक खोड मात्र त्यांनी मला सांगितली नव्हती. अकोल्याला निघालो तेव्हा ती कळली. पहिल्या गावात शिरलो, पहिल्या दारात घोडी थांबली. मी टाच मारली, हलली नाही. आतून सासू आली, मागून सून आली, पाठोपाठ शेजारणी आल्या. घोडी चाळीस श्वास थांबली असेल, मग आपण होऊन पुढच्या दारात गेली आणि तिथं थांबली. गावात जितकी दारं तितक्या वेळा. दोन दिवसांच्या वाटेला मला पाच दिवस लागले. प्रत्येक दारात मला चाचांची खुशाली सांगावी लागली, बांगड्या का नाहीत ते सांगावं लागलं, आणि मी कोण ते सांगावं लागलं. अकोल्यात साहेब म्हणाला, उशीर झाला. पण मी घोडीवर बसून आलो होतो, आणि नोकरी मिळाली.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला भातकुलीकडची गावं आली. माझ्याआधीचा माणूस चावडीवर बसायचा आणि कोतवालाकडून दवंडी पिटवायचा. सरकार पोरांवर शिक्का मारते अशी आवई होती. दवंडी ऐकली की बाया पोरांना लपवायच्या. घराघरांत आढ्यापर्यंत कापूस रचलेला, त्यात पोर सारून दिलं की सापडायचं नाही. मी दवंडी पिटवायला लावायचो, पण त्याआधीच घोडी दारोदार थांबत गेलेली असायची. मनियाराची घोडी म्हटल्यावर दार लावून कोण घेतो? पोरं कापसातून आपण होऊन बाहेर यायची, केसांत सरकी अडकलेली, आणि घोडीच्या नाकाला हात लावायची. बाया बोलायला उभ्या राहायच्या. बोलता बोलता एखादी म्हणायची, “बरं, टोचा बाप्पा. मनियारबावाच्या घोडीवरचा मानूस खोटा कसा असन?” त्या हिवाळ्यात मी जितकी पोरं टोचली तितकी त्या भागात आधी कोणी टोचली नव्हती. मी फुशारून गेलो आणि समजलो, हे सगळं माझ्याच हातगुणानं झालं.

एका गावात शेवटच्या आळीत, निंबाच्या झाडामागे एक घर होतं. तिथली सून अठरा-एकोणीस वर्षांची, छातीशी महिन्याभराची पोरगी. पोरगी फार लहान होती, टोचवेना. मी म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात येतो.

“दारातच याल ना?” तिनं विचारलं.

“दारातच,” मी म्हटलं.

त्याच हंगामाच्या शेवटी साहेब एकदा माझ्याबरोबर आला. त्याचा उंच घोडा पुढे आणि माझी घोडी दाराशी उभी. तो वळून हसला आणि भीक मागायला निघालात का, असं विचारलं. बरोबरचे शिपाईही हसले. ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. अख्खा पावसाळा मी घोडीची खोड मोडण्यात घातला. चाबूक आणला. दारात पाय रेंगाळला की चाबूक, मान वळली की टाच. बसायला शिकताना जेवढी चिकाटी धरली नव्हती तेवढी यात धरली, हे आज लिहायचीही लाज वाटते. दिवाळीपर्यंत घोडी बाणासारखी सरळ जाऊ लागली. मी फेटा बांधून गावातून थेट चावडीपर्यंत रपेट करायचो, तिथंच बसून टोचायचो आणि लोक पाहायचे. माझी मांड आता अशी पक्की होती की पाण्यानं भरलेला तांब्या सांडला नसता.

दुसऱ्या हिवाळ्यात मी त्या गावात शिरलो तेव्हा ऊन वर येत होतं आणि डब्यात काचेच्या दोनच चकत्या चांगल्या उरल्या होत्या. शेवटच्या आळीत निंबाजवळ घोडीची चाल मंदावली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तिनं मान वळवली आणि उभी राहिली. दारात ती सून होती, पोरगी कडेवर, अंगात नवं झबलं. मी तिला पाहिलं. तिनं पोरीचा दंड उघडा केला होता.

मला वाटलं, येईल चावडीवर. मी टाच मारली, चाबूकही मारला, आणि घोडी गेली.

चावडीवर ती आली नाही. कशी येणार? चावडीवर पुरुष बसलेले असतात आणि तिथं घरची सून चढत नाही. माझी स्वतःची वहिनी चावडीसमोरून जाताना वहाणा हातात घेते आणि पदर नाकापर्यंत ओढते. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. परतताना जाता आलं असतं, पण लस संपली होती आणि पुढच्या गावी जेवायचं आमंत्रण होतं.

वैशाखात त्या बाजूला देवी आली. कोणत्या घरी काय झालं याची यादी करायला मला पाठवलं. निंबामागच्या घरी ती एकटीच होती, ओटा सारवत होती. मला पाहून उठली नाही. कडेवर कोणी नव्हतं आणि आत कोणी रडत नव्हतं, तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी मी विचारलं. बहीण गेली तेव्हा माझी आई जशी बसली होती तशीच ती बसलेली होती.

मी काहीतरी बोललो. ऊन होतं, लस थोडी होती, असं काहीसं. तिनं ऐकून घेतलं.

“घोडी थांबली होती, भाऊ,” ती म्हणाली. “म्या पाह्यलं. तुमीच नाई थांबले.” आणि पुन्हा शेणात हात घालून सारवू लागली.

तिथून मी घोडीला हातानं धरून पायी निघालो तो अमरावतीपर्यंत. चाचांना सांगायचं होतं, घोडी पुन्हा आधीसारखी करून द्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी वर चढलो आणि लगाम मुद्दाम सैल सोडला. एवढं एक दार तरी तिला आठवेल असं वाटत होतं. तिथं ती लहानाची मोठी झाली होती. चाचा ओट्यावर बसले होते. डोळ्यांनी आता त्यांना काही दिसत नव्हतं, पण टापा त्यांनी ओळखल्या, भिंतीला धरून उठले आणि तिच्या तोंडाच्या उंचीवर हात पुढे केला.

घोडी माझ्या खाली सरळ, एका चालीनं, त्यांच्या हातासमोरून पुढे निघून गेली.